म्हादूच्या आईचं नाव

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. वडिलांजवळ नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींजवळ तर नाहीच. मी मुळातच अबोल. पण गप्प राहणे वेगळे आणि लपवणे वेगळे, एवढे मला कळते. हे मी लपवले.

वडील अंबरनाथला एका कारखान्यात अधिकारी. बंगल्यामागच्या खोलीत म्हादूची आई राहायची, आमचे सगळे काम तिच्याकडे. मूळची चामटोलीची. म्हादू कधीच मुंबईला गिरणीत लागला होता, पण त्याच्या नावानेच सगळे तिला हाक मारीत. मी सहा वर्षांची असल्यापासून माझी वेणी तिनेच घातली. इंग्रजी शाळेतून आले की मी चुलीपाशी बसून तिला धडा म्हणून दाखवी. तिला एक अक्षर कळत नसे.

"म्हन, म्हन बाय," ती म्हणायची. "तुजा आवाज तरी आयकते. बाकीच्यांम्होरं तू मुकीच."

मग देशाच्या पहिल्या निवडणुकीसाठी मतदारांच्या याद्या होऊ लागल्या. पलीकडे निर्वासितांच्या कॅम्पात सिंधी बायका म्हणे स्वतः रांग लावून नावे देत होत्या. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात गेले होते, नागरिकांच्या हक्कांवर काय काय वाचत होते. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पण मला मत नव्हते — वय बसत नव्हते. म्हादूच्या आईला याची फार गंमत वाटली.

"तुज्या मनातली पेटी मना सांग. तुजं नि माजं मिळून येकच टाकीन. घरात भांडान नको."

कारकून आमच्या ओटीवर बसून फॉर्म भरून घेत होता. वडिलांनी मला मदतीला बसवले. तिच्या ओळीत मी लिहिले — म्हादूची आई. अगदी सहज.

"ताई, असं चालत नाही," कारकून म्हणाला. "बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. विचारून या."

ती मागे भांडी घाशीत होती. तीस पावले असतील. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले — आणि तिथेच उभी राहिले. काय विचारणार होते मी? अकरा वर्षे जिच्या हातचे जेवले, तापात जिच्या मांडीवर निजले, तिला म्हणू, तुझे नाव काय? तिला कळले असते की मी ते कधी विचारलेच नाही. भांड्यांचा आवाज येत होता. ती काहीतरी गुणगुणत होती.

मी परत आले आणि म्हटले, "ती नाव सांगत नाही."

कारकून हसला. "अशा पुष्कळ आहेत." त्याने ओळीवर रेघ मारली. वडील "अडाणीपणा" एवढेच म्हणाले आणि चहा मागवला. माझ्या खोट्यावर कुणी शंका घेतली नाही — का घेतील? बायका नाव सांगत नाहीत, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होते.

त्या रेघेचे तिला कुणी सांगितले नव्हते; मतदानाच्या दिवशी तिने ट्रंकेतले जरीकाठी लुगडे काढले. मी बरोबर गेले. न जाऊन कसे चालले असते? माझ्या मनातली पेटी तिने वाटेत दोनदा विचारून घेतली. शाळेच्या खोलीत अधिकाऱ्याने नाव विचारले आणि ती — सभ्यपणे, मोठ्याने, जराही न अडखळता — म्हणाली, "चंद्रभागा." नवऱ्याचे नाव मात्र तिने मागे उभ्या असलेल्या गाववाल्याला सांगायला लावले आणि मान डोलावली. एवढाच तिचा संकोच.

त्यांनी यादी वरून खालपर्यंत पाहिली. नाव नव्हते.

येताना तीच माझी समजूत घालत होती. "रडू नको गं. सरकारचं काम, येखादं रातं. तुजी पेटी हुकली बग माज्यापायी."

त्या वर्षी कॉलेजच्या वार्षिकात माझा इंग्रजी लेख आला — मताच्या हक्कावर. प्राध्यापकांनी वर्गात वाचून दाखवला. त्यात एक परिच्छेद होता: आमच्या घरातली एक अशिक्षित मोलकरीण, जी रूढीपायी आपले नाव सांगेना आणि आपल्याच हक्काला मुकली. त्याच परिच्छेदाचे सर्वांत जास्त कौतुक झाले. मी ते होऊ दिले.

वडिलांकडून तिला कळले की मी मतावर काही लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी तिने मला चुलीपाशी बसवले. वाच म्हणाली. मी वाचला — सगळा, तो परिच्छेदही. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती, लहानपणीचे धडे ऐकायची तशीच.

"लई ग्वाड वाचतीस," ती म्हणाली. मग पानाकडे बघत, "माजं नाव हाय का गं त्यात?"

मी म्हटले, "आहे."

तिने ते पान माझ्या हातातून घेतले, पदराला बोटे पुसली आणि कुठे म्हणून विचारले. मी त्या परिच्छेदातल्या एका शब्दावर बोट ठेवले. तिने त्यावरून हात फिरवला.

तिथे इंग्रजीत लिहिले होते — मोलकरीण.