दुपट्याचं वजन

“तिथूनच सांग. वर नको येऊ.”

बाईंनी अंगणाकडं बोट दाखवलं. मी एक पाय पायरीवर ठेवला होता, तो खाली घेतला. चपला आधीच काढल्या होत्या, आत जायचं म्हणून. दुपारचं ऊन, फरशी तापलेली. काढलेल्या चपला परत घालायचीही लाज वाटली. तशीच उभी राहिले, तळपाय भाजत.

मी गावात आशा कार्यकर्ती आहे. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं आमचं गाव. बाळंतीण घरी आली की ठरलेल्या दिवशी तिच्याकडं जायचं, बाळाचं वजन करायचं, ते अंगावर नीट पितंय का बघायचं, आईला शिकवायचं. पहिलटकरणीला वाटतं, हे आपोआप येतं. नाही येत. बाळाला मोठा आ करायला लावावा लागतो. आ केला की चटकन छातीशी आणावं लागतं. नुसती बोंडी तोंडात जाऊन भागत नाही, भोवतालचा काळा भागही जावा लागतो. नाहीतर आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहतं. हे नुसतं तोंडानं सांगून कळत नाही. हात धरून दाखवावं लागतं.

आणि माझा हात त्या घरात चालत नव्हता.

बाई म्हणजे गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांचे यजमानही शिक्षक, त्यांना अख्खं गाव गुरुजी म्हणतं. मला अ-आ-इ बाईंनीच शिकवली. माझी आई त्यांच्या वावरात निंदायला जायची. आता त्यांची मुलगी स्नेहल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती, आज तिसरा दिवस. सकाळीच दवाखान्यातून घरी आणलं होतं.

“बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचं कोणी नाई जात,” बाई म्हणाल्या. “इन्फेक्शन होते.”

एवढ्यात शेजारच्या काकू आल्या. चक्कीवरून दळण घेऊन, साडीला पीठ लागलेलं. माझ्या अंगाला अंग लागू न देता पायऱ्या चढल्या आणि सरळ बाळंतिणीच्या खोलीत गेल्या. इन्फेक्शन बहुतेक त्यांच्या ओळखीचं असावं.

खिडकीतून स्नेहलचा चेहरा दिसला. डोळे सुजलेले. “ताई, पोरगी धरतच नाई वं. छाती दगडासारखी झाली माही.”

“पहिला चीक पाजला का?”

उत्तर बाईंनी दिलं. “तो पिवळा असते. घाण. पिळून फेकाले लावला मी. मध चाटवला. अन गाईचं दूध देऊन राह्यलो, अर्धं पाणी टाकून.”

मी सांगितलं, मध देऊ नका, गाईचं दूध देऊ नका, तोच चीक बाळाची पहिली ताकद असते. सांगितलं कसलं, ओरडले. अंगणातून खिडकीपर्यंत पोचायला हवं ना. पिशवीतली कापडाची बाहुली काढली. ती भर अंगणात स्वतःच्या छातीशी धरून दाखवायला लागले. डोकं असं, पाठ अशी, हनुवटी इथं टेकव. झोपाळ्यावर गुरुजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला आणि बघत बसले. उठून आत गेले नाहीत. मान वळवली नाही. बाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. परकी बाई अंगणात छातीला हात लावून दूध पाजणं शिकवतेय, यानं त्यांचं घर बाटत नव्हतं. मी पायरी चढले असते तर बाटलं असतं.

मग वजन. मी काटा आणि झोळी काढली. झोळी धुतलेली, वाळवलेली, घडी घातलेली.

“तुह्या झोळीत कोणाकोणाची लेकरं टाकत असशीन,” बाई म्हणाल्या. “आमचं दुपटं घेतो.”

काटा मी पायरीवर ठेवला. बाईंनी आतून तांब्या आणला, काट्यावर गोमूत्र शिंपडलं, पदरानं पुसला, मग हातात घेतला. बाळाला दोन पदरी जाड दुपट्यात बांधलं आणि काट्याला अडकवलं. मी म्हणाले, “बाई, आधी रिकामं दुपटं मोजावं लागते. काटा शून्यावर आणावं लागते.”

बाई हसल्या. “मले वजन शिकवतं का तू? तुले अ-आ मी शिकवला.”

झोपाळ्यावर गुरुजीही हसले. मी गप्प बसले. हे लिहायची आजही लाज वाटते, पण लिहिते. मी गप्प बसले. तीन हातांवरून काट्यावरचा आकडा वाचला. दोन किलो सातशे. जन्माचं वजनही तेवढंच होतं.

“पाय, काईच कमी नाई झालं,” बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी बाळ थोडं उतरतंच. जसंच्या तसं वजन बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तिला गप्प केलं. मला त्या अंगणातून निघायचं होतं. पाय भाजत होते, तोंड भाजत होतं. वहीत लिहिलं, दोन सातशे. खाली सही केली.

मधल्या दिवसांत दोनदा जाऊन आले. फाटक उघडलंच नाही. “पोरगी निजली आहे, मंग येजो,” एवढंच आतून ऐकू यायचं.

सातव्या दिवशी मात्र मी ठरवून गेले. बाई ओसरीतच होत्या, खुशीत होत्या. “लय गुणी आहे पोरगी. रडतच नाई. दिवसभर निजून राह्यते.”

सात दिवसांचं बाळ रडत नाही, याला गुण म्हणत नाहीत. मी खिडकीतून विचारलं, “स्नेहल, लंगोट किती वेळा ओला झाला आज?”

आतून बारीक आवाज आला. “सकाळपासून कोरडाच आहे, ताई.”

मी पायरीवर पाय ठेवला. दुसरी चढले. तिसरी.

बाई आडव्या आल्या. “काऊन वर येऊन राह्यली वं तू? समजत नाई का तुले?”

“सगळं समजते, बाई. बाजूले व्हा.”

“घर बाटवशीन का माहं?”

“हो,” मी म्हणाले. “बाटवतो.”

त्यांचा दंड मी हातानं बाजूला सारला. मुद्दाम हातानं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईला शिवले. खोलीत गेले, स्नेहलच्या बाजेवर तिच्या शेजारी बसले, पोरीला मांडीवर घेतलं. ओठ सुकलेले. डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

माझी झोळी अडकवली, काटा शून्यावर आणला, पोरीला आत ठेवलं. सव्वादोन किलो.

मग दुपटं मागितलं. रिकामं अडकवलं. तीनशे ग्रॅम.

बाई दारात उभ्या होत्या. मी काटा त्यांच्यासमोर धरला. “वाचा, बाई.”

त्यांनी ओठातल्या ओठात वाचलं.

“मोठ्यानं वाचा. वर्गात आम्हाले वाचाले लावत होत्या तसं.”

“तीनशे,” बाई म्हणाल्या.

म्हणजे तिसऱ्या दिवशीच पोरगी चोविसशेवर आली होती, आणि आम्ही दुपट्याचं वजन तिच्या अंगावर चढवून खूश झालो होतो. माझ्या झोळीचा विटाळ होऊ नये म्हणून त्यांनी आपल्याच नातीची भूक झाकून ठेवली. आणि झाकणाऱ्यांत माझी सही होती.

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गुरुजी म्हणाले, “दवाखान्यात कायले? लोक काय म्हणतीन?” मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी येईपर्यंत गरम पाण्यात फडकं बुडवून स्नेहलची छाती शेकली. मागून पुढं हलक्या हातानं चोळलं, काळ्या भागाच्या कडेला बोटं ठेवून दाबलं. आधी थेंब आला, मग धार लागली. वाटीत धरलं. स्नेहल वाटीकडं बघत राहिली. “मले दूध आहे, ताई? माय म्हणे, तुले दूधच नाई.”

“तुले भरपूर दूध आहे. तुले शिकवणारीले बाहेर उभी ठेवली होती.”

चमच्यानं चार थेंब दिले. पोरीनं गिळले.

वर्ध्याच्या दवाखान्यात पोरीला भरती केलं, सलाईन लावलं. मी रोज जात होते. दर दोन तासांनी दूध काढायचं, वाटी-चमच्यानं पाजायचं, मग अंगाशी धरून बघायचं. तिथल्या सिस्टर एका बाजूनं, मी एका बाजूनं. चौथ्या दिवशी पोरीनं मोठा आ केला. मी स्नेहलचा हात धरून तिला छातीशी आणली. नीट धरलं. गटागट गिळायचा आवाज आला. स्नेहल रडली. मीही रडले. पण राग तसाच राहिला. त्या आवाजानं तर वाढलाच. एवढंसं काम होतं. एका बाईनं दुसऱ्या बाईचा हात धरायचा, एवढंसं. आणि त्यासाठी ही पोरगी मरणार होती.

पोरगी बरी होऊन घरी आली त्याच आठवड्यात मी ठाण्यात ॲट्रॉसिटीची तक्रार दिली.

मग गुरुजी आमच्या मोहल्ल्यात आले. हातात साडी आणि पेढ्यांचा डबा. “झालं गेलं सोड, पोरी. बाईले वाईट वाटून राह्यलं.”

मी म्हणाले, “गावातल्या सगळ्या आयांच्या बैठकीत बाईले येऊ द्या. दुपटं मोजून दाखवू द्या. ते का वापरलं, हे त्यांच्या तोंडानं सांगू द्या. मग बघू.”

दोन दिवसांनी निरोप आला. बाई येतील, नजरचुकीनं दुपटं मोजायचं राहिलं असं सांगतील.

नजरचूक? नजर त्यांची चांगली शाबूत होती. लहानपणी वर्गात बरोब्बर मला आणि माझ्या मोहल्ल्याला शेवटी बसवणारी नजर ती. मी साडी आणि पेढे जसेच्या तसे परत पाठवले.

परवा स्नेहल आली. सासरी जायच्या आधी, एकटी, पोरीला घेऊन. माझ्या बाजेवर बसून तिनं पोरीला पाजलं. छान धरत होती पोरगी. गाल भरलेले. पाजता पाजता स्नेहल म्हणाली, “तुमच्यामुळं माही पोरगी आहे, ताई. पण ते माय आहे माही. केस वापस घ्या.”

सगळ्यात जड मला हे गेलं. गुरुजींना नाही म्हणताना मजा आली होती, खोटं कशाला बोलू. हिला नाही म्हणताना जीभ उचलेना. पण उचलली.

“छातीत गाठ झाली, ताप आला, पोरीनं धरणं सोडलं, केव्हाही फोन करजो. रातबेरात येईन. पण तुह्या माईले मी सोडणार नाई.”

ती रडली. मी तिला रडू दिलं. समजूत घातली नाही.

उद्या माझा जबाब आहे. वही सोबत नेणार. पहिल्यांदा सांगणार की दोन सातशे हे वजन मी लिहिलं, ते चूक आहे हे मनात आलं असताना लिहिलं, आणि खाली सही माझी आहे. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होवो. काम गेलं तर गेलं. ज्या भीतीनं मी तेव्हा गप्प बसले, ती भीती मला त्या बाईंनीच पहिलीपासून शिकवली होती. तेही सांगणार, त्यांच्या पूर्ण नावानिशी.

तक्रार मागं घेणार नाही. गाव जमला तरी नाही. बाई स्वतः येऊन पाय धरतील असं आज कोणीतरी म्हणालं. धरू दे. पाय धरायला त्यांना मला शिवावं लागेल. शिवू दे. तरी नाही.