तिसऱ्या गुहेतली बाई

कप्तानाने तिसऱ्या गुहेत बाई ठेवली आहे, ही बातमी धक्क्यावर पहिल्यांदा फुटली ती तिकीट खिडकीतून. खिडकीत मावशी बसायची. दिवसभर गुहांच्या सफरीची तिकिटं फाडायची आणि हात मोकळा असला की एखाद्याची अब्रू. तिच्याकडे पुरावा होता, एवढं मात्र मान्य करायला हवं. दुपारी एक ते तीन खिडकी बंद असायची. ऊन असं तापायचं की पर्यटक पंख्याखालून हलायचे नाहीत, आणि पहाटे पाचला उठलेले बोटवाले घरी जाऊन आडवे व्हायचे. एकटा कप्तान तेवढा त्याच वेळी आपली स्पीडबोट घेऊन पुन्हा गुहांकडे जायचा. रिकामी बोट, एकटा माणूस. आणि तीनला परत यायचा तो कसा, तर डोळ्यांत तेज, अंगात हुशारी आणि ओठांवर शीळ.

"पन्नाशीतला पुरुष भर उन्हातून शीळ घालत येतो," मावशी म्हणायची, "तो काय खडक बघून?"

त्यात एका नवपरिणीत जोडप्याने भर घातली. वल्ह्यांची छोटी होडी घेऊन ती दोघं दुपारची भटकत तिकडे गेली होती. तिसऱ्या गुहेच्या तोंडाशी पोचतात न पोचतात तोच आतून आवाज आला. सुस्कारे टाकल्यासारखा. लांबलचक, थांबून थांबून, मध्येच कण्हल्यासारखा. दोघं लाजून मागे फिरली. नुकतं लग्न झालेली माणसं, आणि लाजली! चार हात पुढे जाऊन बघितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मग सांगायला तरी काय उरलं असतं?

बातमीचा नियम असा, की ज्या घराला आग लागते त्या घरात धूर सगळ्यांत शेवटी पोचतो. ते घर कप्तानिणीचं.

कप्तान हा काही खरा कप्तान नव्हे. त्याची बोट बारा माणसांची. पण बाराजणांसमोर टोपी सरळ करून तो असा उभा राहायचा की मागे बाराशे बसलेत असं वाटावं, म्हणून कप्तान. त्याची बायको ओघानेच कप्तानीण. ती शिवायची. कपडे नव्हेत, लाइफ जॅकेटं. धक्क्यावरच्या सगळ्या बोटींची जॅकेटं फाटली, उसवली, पट्टे तुटले, बकलं निघाली, की गठ्ठा तिच्याकडे. अकरा वर्षं हेच काम. जॅकेटावरून तिला माणूस कळायचा. भित्र्या माणसाच्या जॅकेटाचा पट्टा चावलेला असायचा. प्रेमात पडलेल्यांची बकलं नव्यासारखी, कारण ती लावलेलीच नसायची. आणि ज्या जॅकेटाची शिवण पोटावर उसवलेली, तो गृहस्थ फोटो काढताना श्वास आत घेऊन उभा होता, हे ती शपथेवर सांगायची.

राहायला बर्फाच्या गोदामावरची दीड खोली. अर्ध्या खोलीत चूल आणि मोरी, आख्ख्या खोलीत पलंग, कपाट आणि मशीन. मशीन दोन वर्षांपूर्वीचं. जाड कापडाचे चार थर लोण्यासारखे शिवणारं, मोटरवर चालणारं, वजनाला एखाद्या म्हशीच्या पिल्लाएवढं. कप्तानाने ते दोरखंडाने पाठीला बांधून लाकडी जिन्यावरून एकट्याने वर आणलं आणि डावा गुडघा कायमचा लचकवून घेतला. पुढे महिनाभर येईल त्याला जिना चढायला लावून मशीन दाखवलं. "आमच्या घरात दोन इंजिनं," तो म्हणायचा, "आणि मोठं बायकोचं."

सफरी थांबल्या की एक वाजता जॅकेटं वर यायची आणि तीनला सगळी शिवून खाली जायची. त्या दोन तासांत कपाटातल्या बश्या थरथरायच्या, खिडकीची काच हुडहुडी भरल्यासारखी वाजायची, पलंग जागचा अर्धं बोट सरकायचा. कप्तानिणीला त्यातलं काही ऐकू यायचं नाही. ज्याचं काम असतं त्याला आवाज नसतो, काम असतं.

दर सोमवारी एकेका बोटीची सगळी जॅकेटं तपासणीला यायची. कप्तानाच्या बोटीच्या बारांपैकी दोन, अकरा नंबर आणि बारा नंबर, नेहमी चेपलेली असायची. बसून चेपलेली नव्हे, ते तिला कळायचं. मधोमध खळगा, कडा वर. उशीला पडतो तसा. दोन जॅकेटं, दोन खळगे. तिने कित्येक महिने त्यातला फोम सरळ करून पाठवला आणि काही विचारलं नाही. मग एक दिवस मावशी जिना चढून आली.

"तुला म्हणून सांगते," मावशी पलंगावर टेकली. "कुणाकडे बोलले नाहीये." तोवर धक्क्यावरच्या कुत्र्यामांजरांनाही पाठ झालं होतं.

"बोला की मावशी. आडून आडून काय?"

"दुपारी घरी येतात का तुझे हे?"

"डबा नेतात. बोटीवरच जेवतात. इंजिन जुनं आहे, बघावं लागतं."

"डबा एकाचा नेतात, की दोघांचा?"

कप्तानिणीने बटण बंद केलं. मशीन थांबलं. मावशीने मग सगळं सांगितलं, शीळ, सुस्कारे, जोडप्याचं लाजणं, आणि जाताना वर म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस हं." सुरी खुपसून वर हळद लावण्यातला प्रकार.

सव्वीस वर्षांचा संसार. कप्तानिणीने अकरा आणि बारा नंबर मांडीवर घेतले. एका माणसाला एक उशी लागते. दोन उश्या कुणाला लागतात, हे सांगायला ज्योतिषी नको. तिने तिथल्या तिथे ठरवलं. डोळ्यांनी बघायचं, आणि तिथे कुणी असेल तर एक शब्द न बोलता मशीन उचलून भावाकडे निघून जायचं. मग तिला आठवलं, की ते मशीन जिन्यावरून खाली उतरवू शकेल असा माणूस एकच आहे. तेव्हा कुठे तिला रडू आलं.

चार दिवस तिने वाट पाहिली. पाचव्या सकाळी विचारलं, "दुपारी घरी का येत नाही हो?"

"इंजिन बघतो."

"दोन वर्षं?"

"जुनं आहे," कप्तान म्हणाला आणि टोपी सरळ केली. खोटं बोलताना तो नेहमी टोपी सरळ करायचा.

त्याच दुपारी ती धक्क्यावर उतरली. तिचा चुलत दीर दुसरी बोट चालवायचा, तो बोट बांधून घरी निघालाच होता.

"भावजी, मला गुहा दाखवा."

"अरे वा! अकरा वर्षांनी आठवण झाली वहिनी? उद्या सकाळच्या पहिल्या फेरीला..."

"आत्ता. दीड वाजता."

दिराचा चेहरा उतरला. बातमी त्यानेही ऐकली होती, दोनदा तर स्वतःच सांगितली होती. "वहिनी, दुपारी तिकडे लाटा फार असतात."

"कुणाच्या असतात तेच बघायचंय."

खिडकीचं शटर एकलाच ओढलेलं होतं, पण मावशी घरी गेली नव्हती. ती आलीच. "बाईमाणसाबरोबर बाईमाणूस हवं," म्हणाली. बोटीत सगळ्यांत पुढची जागाही तिनेच धरली.

कप्तानिणीने जॅकेट चढवलं. खांद्यावरची शिवण तिची स्वतःची होती. दिराने इंजिन दाबलं तशी बोटीने नाक वर काढलं आणि जमीन मागे पातळ होत गेली. बर्फाचं गोदाम आगपेटीएवढं झालं, मग नुसता पांढरा ठिपका. तोंडावर खारे तुषार येत होते. घरातून भांडण घेऊन निघालेल्या माणसाने रागावलेलं राहावं, पण एवढ्या वाऱ्यात राग धरून ठेवायचा तरी कुठे? टोपीसारखा उडून जातो.

पहिली गुहा बुटकी होती. दिराने वेग कमी केला, सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि छत डोक्यावरून हळूहळू सरकत गेलं. मावशी शिंकली. गुहेने ती शिंक सात वेळा परत केली, शेवटची तर फारच आदराने.

दुसरी गुहा उंच. आत शिरल्यावर कप्तानीण आपण कशाला आलोय हे चक्क विसरली. दगडाला कुणीतरी चुण्या घातल्या होत्या. वरपासून पाण्यापर्यंत घडीवर घडी, कुठे तांबडी, कुठे शेवाळी, कुठे पिवळट, आणि प्रत्येक घडीच्या कडेने पांढरी बारीक रेघ, सरळ टीप मारल्यासारखी. तिने हात लांब करून ती रेघ चाचपली. शिवण होती का? दगड होता. पाण्यातून उठलेला उजेड छतावर हलत होता, आणि बोट पाण्यावर आहे की त्या उजेडात टांगली आहे, ते समजत नव्हतं. एवढ्या जवळ हे सगळं होतं आणि आपण अकरा वर्षं नुसते त्याचे पट्टे शिवत बसलो, असं तिच्या मनात आलं. तिला वाटलं, इथे कुणी एखादीला घेऊन येत असेल तर त्याला दोष तरी किती द्यायचा. मग तिला स्वतःचाच राग आला.

"वहिनी, परत फिरू या?" दीर हळूच म्हणाला.

"तिसरी."

तिसऱ्या गुहेच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं आणि हाताने खडक ढकलत बोट आत नेऊ लागला. आणि आवाज आला. लांबलचक, सुस्कारा टाकल्यासारखा. मग शांतता. मग पुन्हा, मध्येच कण्हत.

मावशीने कप्तानिणीचा दंड धरला. "ऐकलंस?"

कप्तानिणीने ऐकलं होतं. सव्वीस वर्षं ऐकलं होतं. आधी ओढलेला श्वास, मग दाराची कडी काढल्यासारखा खटका, मग शेवटी बारीकशी शिट्टी. गुहेने फक्त त्याला दहापट मोठं केलं होतं, आणि खरं सांगायचं तर बरंचसं सुधारलंही होतं.

वळणापलीकडे सगळं निळं होतं. ऊन बाहेरच्या पाण्यात शिरून खालून आत येत होतं, त्यामुळे छत अंधारात आणि तळ उजेडात, जग उलटं घातल्यासारखं. त्या निळ्यात कप्तानाची बोट अजिबात न हलता उभी होती. कप्तान आडवा, तोंड उघडं, टोपी पोटावर. अकरा नंबर डोक्याखाली. बारा नंबर डाव्या गुडघ्याखाली.

मावशीने मान लांब करून बघितलं. बाकाच्या मागे बघितलं. पेट्रोलच्या डब्याच्या मागेही बघितलं. "बाई कुठाय?"

"झोपलाय," दीर म्हणाला.

"हात्तिच्या!" मावशी म्हणाली, आणि गुहा म्हणाली, त्तिच्या, त्तिच्या, च्या.

कप्तान धडपडून उठला. "कोण?"

"मी. तुम्ही कुणाची वाट बघत होतात?"

"मी... जरा इंजिन..."

"इंजिन ऐकलं मी. बाहेरपर्यंत येत होतं." ती या बोटीतून त्या बोटीत उतरली. बोट डुचमळली, त्याने हात दिला, तिने तो घेतला. मग मागे वळून म्हणाली, "भावजी, मावशींना न्या. त्यांना खिडकी उघडायचीय."

मावशीला जायचं नव्हतं. पण बोट तिची नव्हती.

दोघंच राहिली तेव्हा ती म्हणाली, "घरी पलंग आहे. उशी आहे, खरी. मग इथे दगडाखाली येऊन का झोपता?"

"पहाटे पाचला उठतो. दुपारी डोळा लागला नाही तर संध्याकाळी या खडकांतून बारा माणसं कशी नेऊ?"

"मी विचारतेय, घरी का नाही?"

त्याने टोपी उचलली, पण डोक्यावर घातली नाही. "घरी तू कामात असतेस."

"मग? मी काय पलंगावर बसून शिवते?"

छतावरून एक थेंब पडला. त्याचा आवाज पाण्यावर फिरत फिरत संपला, तेव्हा कुठे दुसरा पडला. त्या मधल्या जागेत कप्तानिणीला आपल्या कानात काहीतरी ऐकू आलं. बारीक, सलग, ढर्र. इथे, समुद्रात, दगडाच्या पोटात तिचं मशीन चालू होतं. ती ऐकत राहिली. हळूहळू ते मंद झालं, मग लांब गेलं, मग थांबलं. त्यानंतर आलेली शांतता तिने दोन वर्षांत अनुभवली नव्हती.

"तोंड का नाही उघडलंत?" तिने विचारलं.

"एवढ्या हौसेने आणलेलं मशीन."

"हौस कुणाची?"

"दोघांची," कप्तान म्हणाला.

तिने दोन्ही हात पाण्यावर धरले. निळा उजेड तिच्या हातांवर हलत होता, बोटांवरचे सुयांचे सगळे डाग त्यात बुडाले होते. "तीन वाजायला किती वेळ आहे?"

"तासभर."

"मग सरका जरा. आणि तो गुडघा सरळ ठेवा."

त्या दिवशी धक्क्यावरची जॅकेटं पहिल्यांदाच उशिरा गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने सगळ्या बोटवाल्यांना सांगून टाकलं की जॅकेटं संध्याकाळच्या शेवटच्या फेरीनंतर आणा, रात्रीच्या जेवणाआधी शिवून ठेवते, सकाळी न्या. दुपारी मशीन बंद. कप्तान घरी झोपू लागला, पण हवा चांगली असली की दोघंही बोट घेऊन तिकडेच जायची, आणि असं जाताना आणखी दोन पर्यटकांनी गुहेतल्या बोटीत एका बाईला आडवं पडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. झालं. आता साक्षीदार मिळाले. मावशीला सगळं ठाऊक होतं, पण कुणी खिडकीशी वाकून हळूच विचारलं, "ती बाई दिसते का हो?" तर ती तिकीट फाडत म्हणायची, "नशीब असेल तर."

तिसऱ्या गुहेत कुणी बाई ठेवलेली नव्हती. कप्तानिणीचं मशीन दुपारी एक ते तीन चालायचं आणि त्या आवाजात कप्तानाला झोप लागत नव्हती.