कमरेचे नारळ

गिरीज गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे शिंपण्यासाठी खोदलेलं तळं. माझी पाच वर्षांची लेक कमरेला दोन सुके नारळ बांधून त्यात तरंगायची आणि मी टाळ्या वाजवायचे, "बघा, पोहायला आलं हिला!"

ऐंशी सालच्या सुमारास किनाऱ्यावर पोहण्याच्या तलावाचं रिसॉर्ट झालं, तेव्हा आम्ही घरची नऊ मोठी माणसं तिला घेऊन हौसेने गेलो. "पाण्यात नारळ चालणार नाहीत," दारावरचा माणूस म्हणाला. मी मूर्खासारखं ते सोडून पिशवीत टाकले. बावखलाच्या गढूळ पाण्याची धास्ती असायची, म्हणून तिथे तिच्यावरून नजर हलत नसे. इथे तळाची फरशी दिसत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा बघतोय.

मी भजी खात होते. मागे पाणी उडाल्याचा आवाज झाला. किंकाळी नाही, हाक नाही. सावकाश वळून पाहिलं तर निळ्या पाण्याखाली तिचा लाल फ्रॉक दिसला, हलत नव्हता.

दिराने उडी मारून तिला वर काढलं. पाणी ओकून झाल्यावर तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"आई, तू तर म्हणायचीस, मला पोहायला येतं."