देवाजीची माळ आणि तलावातला हिस्सा

सभा सुरू झाली तरी देवाजीचा पत्ता नव्हता.

"मॅडम, तुमचा माणूस येऊन राहिला का नाई?" नत्थूजींनी विचारलं. नत्थूजी मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. संस्था तलाव ठेक्याने घेते, पावसाळ्यात माशांचं बीज सोडते, सभासद राखण करतात आणि मासे निघाले की हिस्से पडतात. नियम साधा. बीज सोडायला जो पाण्यात उतरला नाही, त्याला हिस्सा नाही. देवाजीने मागचा हंगाम चुकवला होता. आजच्या सभेत यंदाच्या बीजासाठी नाव दिलं नाही, तर त्याची जागा दुसऱ्याला जाणार होती.

मी बेघरांसाठी काम करणारी समुदाय संघटक. पद भारदस्त, काम चपला झिजवायचं. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला ते मिळवून द्यायचं आणि तो स्वतःच्या कमाईवर उभा राहीपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. पुरात देवाजीचं मातीचं घर बसलं, तेव्हा तो, बायको सुमन आणि त्यांची पोरगी वरठी स्टेशनबाहेर आडोशाला राहत होते. गावातल्या भजन मंडळाने त्यांना परत आणलं. देवळामागची खोली दिली, घरोघरून आळीपाळीने डबा लावला, पोरीला दप्तर घेऊन दिलं. अट एकच. खोलीत राहायचं तर माळ घालायची. मासे, मटण, दारू बंद आणि मासेमारीही, म्हणजे देवाजीचा धंदाच, बंद.

मला ती अट तेव्हाच खटकली. मी बोललेही. पण छप्पर देणाऱ्याशी फार भांडता येत नाही.

देवाजीने माळ घातली. मग दर एकादशीला मंडळाचे बुवा त्याला पुढे बोलावून सांगायचे, "पाहा, देवाजी कसा सुधरला!" तो बिघडला कधी होता, हे कोणी विचारलं नाही. माझं डोकं फिरायचं.

नत्थूजींना थोडा वेळ थांबायला सांगून मी तडक देवळात गेले. देवाजी सभामंडप झाडत होता. बुवा पेटी पुसत बसले होते.

"बुवा, याला तलावावर जाऊ द्या. जाळं संस्थेच्या खोलीत ठेवेल. देवळात आणणार नाही."

"मॅडम, आमीच त्याच्या गळ्यात माळ घातली. आता आमीच त्याले मासोळ्या माराले पाठवू काय?"

"मग त्याने कमवायचं कसं?"

"कमवाची गरजच काय? आमी आहो ना. खाऊ घालूनच राहिलो ना?"

बुवा मनाने वाईट नव्हते, हीच अडचण होती. त्या खोलीच्या विटा त्यांनी स्वतः वाहिल्या होत्या. वाईट माणसाशी भांडायला मला जोर येतो.

आवाज ऐकून सुमन बाहेर आली. "जा ना जी," ती नवऱ्याला म्हणाली. "माळ देवापाशी ठेवा, हात जोडा अन् जा. पोरीले जलमभर लोकायच्या डब्यावर ठेवता काय?"

देवाजी झाडू धरून तसाच उभा राहिला. "पोरीच्याच डोक्शावर हात ठेवून बोललो मी," तो म्हणाला. "माळ काढली अन् तिले काई झालं तं?"

सुमनचा चेहरा उतरला. हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

"बुवा, तुम्ही सांगा त्याला," मी म्हटलं. "पोरीला काही होणार नाही, एवढंच सांगा. तुमचं ऐकेल तो."

बुवांनी पेटीचा भाता लावला. "असं कसं सांगू मी, मॅडम?" म्हणाले.

एका वाक्याचं काम होतं. नत्थूजी बिचारे दिवस मावळेपर्यंत थांबले आणि मग देवाजीची जागा त्यांनी दुसऱ्याच्या नावावर केली. त्यांना मी दोष देत नाही. तलाव थांबत नाही.

पुढे मी देवाजीला दोन-तीन ठिकाणी कामाला लावून पाहिलं. कुठेच टिकला नाही. पाण्याबाहेर त्याचे हात चालत नव्हते. धानाची रोवणी लागली, तशी सुमन पोरीला घेऊन सिहोऱ्याला भावाकडे निघून गेली. दुसऱ्यांच्या शेतातल्या बांधीत चिखलात वाकून रोवणी करते. मी भेटायला गेले, तेव्हा तिने चहा दिला, पोरीचं शाळेत नाव घातल्याचं सांगितलं. नवऱ्याचं नाव काढलं नाही. निघताना मात्र म्हणाली, "मॅडम, घर नव्हतं तवा आमी तिघंबी एका जागी होतो."

मी चपला घातल्या आणि बस धरली.

देवाजी अजून त्याच खोलीत आहे. डबा वेळेवर येतो. मंडळाच्या लेखी तो आमच्या भागातला सर्वांत सुधारलेला माणूस आहे.

हल्ली कोणी बेघर कुटुंबाला खोली देतो म्हटलं, की मी आधी विचारते, यांचा धंदा चालेल ना तुम्हाला? चालत नसेल तर खोली नको म्हणते. मॅडम फार नखरे करतात, असं लोक बोलतात. करते.