निवाऱ्याची ब्लँकेटं

सहा ब्लँकेटांपैकी चार दोरीवर गेली होती, पाचवं वहिनींच्या हातात अर्धवट पिळलेलं होतं आणि सहावं अजून टबातच होतं. तेवढ्यात त्यांचे यजमान दवाखान्यातून आले आणि न्हाणीच्या दारातूनच म्हणाले, "तीन महिने डोंगर बंद. डॉक्टर म्हणतो, गुडघा उरलाय तेवढा तरी सांभाळा."

ओलं ब्लँकेट एकट्या बाईला पिळवत नाही. एक टोक नळाला गुंडाळायचं आणि दुसऱ्या टोकाने पीळ द्यायचा, ही युक्ती वहिनींनी स्वतःच शोधून काढली होती. हातातला पीळ त्यांनी तसाच सोडला.

"मग निवाऱ्यावर कोण जाणार?"

डोंगरातून जाणारी लांब पल्ल्याची पायवाट आहे, लोक ती आठ-आठ दिवस चालतात. त्या वाटेपासून बाजूला, जंगलातल्या एका दरीत लाकडी निवारा आहे. यजमान त्याची देखभाल करणाऱ्या मंडळात होते. दर महिन्याला दोन रात्री तिथे राहायचे, मळलेली सहा ब्लँकेटं घरी आणायचे आणि पुढच्या खेपेला धुतलेली सहा घेऊन जायचे. अठरा वर्षं हे चाललं होतं. वहिनी तिथे एकदाही गेल्या नव्हत्या, पण तिथे झोपणाऱ्या माणसांना त्या मनाने ओळखत होत्या. देव वाटसरू होऊन येतो यावर त्यांची श्रद्धा होती. पाय सुजलेला, कपडे भिजलेला, थंडीने काकडलेला कुणीतरी आपण धुतलेलं पांघरूण ओढून घेतो, हे डोळ्यांपुढे आणत त्या एकेका ब्लँकेटाला एकेक माळ जप करायच्या.

"मीच जाते," वहिनी म्हणाल्या.

"तू? घरचा जिना चढताना दोनदा बसतेस. एक महिना नाही गेली ब्लँकेटं तर आभाळ कोसळत नाही."

"तुमच्यावर नाही कोसळत. भिजून आलेल्याला विचारा."

यजमान आणखी दोनदा नको म्हणाले, पण गुडघ्यापुढे त्यांचा आवाज चढेना.

नणंद शिवणकाम करायची. जिभेलाही तिच्या कात्रीइतकीच धार. ती सोबत निघाली. रविवारी पहाटेची बस धरून दोघी खिंडीत उतरल्या, पाठीवर तीन-तीन ब्लँकेटं. वाट दाखवणारे झाडांवरचे पिवळे पट्टे बघत दोन तास चालल्या.

"वहिनी, दादाने लग्नात तुला डोंगर दाखवीन असं कबूल केलं होतं का गं?"

"नाही."

"मग बरोबर. माणूस शब्दाला पक्का आहे."

वहिनी हसल्या. धाप लागली होती, तरी त्या दिवशी त्यांना हलकं वाटत होतं. पुढे वाट सोडून डावीकडे उतरल्या. झाडी दाट झाली, ओढ्याचा आवाज यायला लागला आणि खाली निवाऱ्याचं छप्पर दिसलं. वहिनींनी उभ्या उभ्याच हात जोडले.

निवाऱ्याचा रखवालदार दारात लाकडं फोडत होता. गाठोडी बघून त्याने कुऱ्हाड बाजूला ठेवली.

"एवढ्या लांबून कशाला आणलीत? साहेब काही बोलले नाहीत?"

"काय बोलायचं होतं?"

"ब्लँकेटं कोण घेतंय आता, ताई? सात-आठ वर्षं झाली. जो तो आपली झोपायची पिशवी घेऊन येतो."

"आणि दर महिन्याला मळतात ती?"

रखवालदार दारातून बाजूला झाला. वहिनी आत गेल्या. शेगडीपुढे तीन ब्लँकेटं जमिनीवर अंथरलेली होती, त्यांवर चिखलाचे बूट वाळत होते. एक खिडकीच्या फटीत कोंबलेलं, एक लाकडांवर टाकलेलं. सहाव्यावर कुत्रा झोपला होता आणि त्याच्या पोटाखालून वहिनींचंच रफू दिसत होतं.

"साहेब आणि त्यांची मित्रमंडळी इथेच बसतात पत्त्यांना," मागून रखवालदार म्हणाला. "मी म्हटलं होतं एकदा, पायाखाली घालू नका. साहेब म्हणाले, असू दे, आमच्याकडे धुतात."

झोपायच्या फळीवर एक तरुण मुलगी आपली पिशवी उलगडत होती. वहिनींनी गाठोडं सोडलं, वरचं ब्लँकेट तिच्यापुढे धरलं.

"थंडी पडेल बाळा, घे. कालच उन्हात घातलंय."

"नको काकू, थँक्यू. मला साबणाच्या वासाने शिंका येतात."

मुलगी गोड बोलली. तिच्यावर राग धरायलाही जागा नव्हती.

ब्लँकेटं ठेवून जा, असं रखवालदार म्हणाला, पण वहिनींनी सहाही पुन्हा बांधली. चढावर नणंदेने त्यांच्या पाठीवरचं एक आपल्याकडे घेतलं. मग म्हणाली, "देवाला पोचलं असेल गं."

"पोचलं असेल. पण इतक्या चिखलाचे बूट देवाचे नसतात."

संध्याकाळी यजमान पाय स्टुलावर ठेवून बसले होते. गाठोडी परत आलेली बघून त्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

"तुम्हाला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या.

"तुला बरं वाटायचं म्हणून नाही बोललो. मुलगी सासरी गेली, घर तुला खायला उठायचं. म्हटलं, हिला काहीतरी उद्योग हवा."

"हिवाळ्यात हात फुटायचे माझे. मलम तुम्हीच आणून द्यायचात."

"मग? आणून दिलंच ना?"

माणूस कामचुकार असता, व्यसनी असता, तर भांडता तरी आलं असतं. यजमानांनी विचारलं, "आणि तिथली मळकी सहा?"

"आहेत तिथेच. कुत्रा झोपलाय."

वहिनी देवापुढे बसल्या. माळ हातात घेतली, पण पहिल्याच मण्यापाशी बोट अडलं. अठरा वर्षं जप ब्लँकेटाच्या पिळाबरोबर चालला होता, नुसत्या हाताला त्याची लयच सापडेना. दिवा शांत होईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या आणि मग स्वयंपाकाला उठल्या.

औषधांचं दुकान सकाळी दहाला उघडायचं. तिथून त्यांना यजमानांसाठी गुडघ्याचा पट्टा आणायचा होता, मोठ्या मापाचा.