मी खोडलेलं नाव

“जेलात जाऊन आलेल्या माणसाचं नाव झाडाला कोण लावतंय हो? काढा ते.”

भाऊ बाहेरच्या खोलीत चहा पिता पिता बोलले. भाऊ म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. मी आत कॉम्प्युटरवर बसले होते. समोर माळावर लावलेल्या झाडांच्या पाट्यांची यादी, झाड आणि ते लावणाऱ्याचं नाव. पहिली ओळ, लिंब. पुढं नाव होतं ते खड्डे खणणाऱ्या गड्याचं. सुपरवायझरनं भाबडेपणानं टाकलेलं.

भाऊंनी दारातून डोकं आत घातलं. “ऐकलं ना, मॅडम? तिथं आमच्या व्याह्याचं टाका.”

मी “हो सर” म्हटलं. नाव खोडलं. एक बटण.

ते माझ्या बापाचं नाव होतं.

हिंगोलीच्या त्या ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी तांड्यावरची, पण पहिलीपासून वसतिगृहात, इंग्लिश मीडियमला. आमच्या आडनावाची, बापाच्या नावाचीही माणसं जिल्ह्यात ढिगानं. मी सातवीत असताना बापाला, माझ्या बाला, शिक्षा झाली. बांधावरच्या मारामारीत त्याची काठी एकाच्या डोक्यात बसली होती. मैत्रिणींना मी सांगितलं, वडील ऊसतोडीला गेलेत. नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं, शेती करतात.

सुटून आल्यावर बा आमच्याच संस्थेच्या माळावर गडी म्हणून लागला. मी लपवतेय हे त्यानं न सांगता ओळखलं. ऑफिसच्या जीपमधून मी माळावर गेले की तो ओळख द्यायचा नाही. घरी माझ्या ताटात आधी वाढणारा माणूस तिथं मान खाली घालून म्हणायचा, “नमस्कार, मॅडम.” मला सुटल्यासारखं वाटायचं. लिहिताना हात जड होतो. पण वाटायचं.

जेलच्या रोपवाटिकेत तो एक काम शिकून आला होता. रोपाशेजारी मडकं पुरायचं. बुडाला बारीक भोक, भोकात चिंधीची वात, तोंडावर चपटा दगड. पाणी थेंबाथेंबानं मुळाशी जातं. औंढ्याकडच्या त्या मुरमाड माळावर खांद्यावर कावड घेऊन तो एकेक मडकं भरत फिरायचा. असे चार उन्हाळे. शेजारच्या माळावर लावलेलं सगळं वाळलं. इथं लिंबाखाली माणूस बसू लागला.

गेल्या महिन्यात माळावर सरकारी समिती आली. शिक्षा भोगून आलेल्या ज्या माणसांनी झाडापाण्याचं काम केलं, त्यांच्या गुन्ह्याची नोंद पुसावी, अशी शिफारस ती वर पाठवणार होती. बाला सरकारी रोपवाटिकेत राखणदाराची जागा हवी होती. दोनदा चारित्र्याच्या दाखल्यावर तो जुना गुन्हा आला, दोनदा अर्ज परत. वय निघून चाललं होतं, म्हणून त्यानं समितीकडं अर्ज टाकला होता.

समितीचे साहेब पाट्या वाचत ओळीनं फिरले, मागं भाऊ, बा आणि फाइल घेऊन मी. “यात याचं नाव कुठंय? काम केल्याचा पुरावा काय?”

भाऊ हसले. असा गडी त्यांना हातचा घालवायचा नव्हता. “पाणी टाकायला ठिवलेला हाय हो. झाडं आमच्या लोकायची. पाट्याच बघा की.” मग बाच्या दिशेनं वळून, “काहून रे, बराबर हाय ना?”

बा वाकला. एका लिंबापाशी दगड सरकवला, मडक्यात हात घातला आणि ओला हात साहेबांपुढं धरला.

“ते ठीक आहे,” साहेब म्हणाले. “कागद?”

बानं माझ्याकडं पाहिलं नाही. जमिनीकडं बघत म्हणाला, “कागदाचं मॅडमला ठाऊक, साहेब.” मग हळूच, “न्हाई सांगितलं तरी चालंल, मॅडम. तुमाला तकलीफ नको.”

मॅडम. भाऊ म्हणतात, शिपाई म्हणतो. बापाच्या तोंडात तो शब्द मी घातला होता.

बोलले तर नोकरी जाणार, हे समोर दिसत होतं. नोंद पुसली जाईल याचीही खात्री नव्हती. शिफारसी वर वर्षानुवर्षं पडून राहतात; त्यांच्या फायली मीच लावते. मला फार थकल्यासारखं झालं. कामानं नाही. इतकी वर्षं लपवून.

साहेब पेनाला टोपण लावत होते.

मी म्हणाले, “थांबा, साहेब. यादी मी टाइप केली. पहिलं नाव यांचं होतं, ते भाऊंनी सांगितलं म्हणून मी खोडलं. या पाट्या खोट्या आहेत. झाडं यांनी जगवली. हा माझा बाप आहे. आता मी सांगते तसं लिहा, आणि लिहायचं नसेल तर कागद इकडे द्या. मी लिहिते.”