मामाने कावळ्याला दिलेला शब्द

वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवेना. त्या दिवशी मुंबईत हरताळ होता. ट्राम, बस सगळं बंद, म्हणून आम्ही काळाचौकीहून दादरच्या चौपाटीपर्यंत भर उन्हात चालत गेलो होतो. भटजी गिरगावातून चालत आले होते आणि त्याचा राग ते मंत्रांवर काढत होते. एरवी त्या किनाऱ्यावर माणसांपेक्षा कावळे जास्त, पण त्या दिवशी तेही हरताळात सामील झाले असावेत. एकच आला होता. तो भिंतीवर बसून आमच्याकडे बघत होता.

अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून शब्द द्यायचा असतो. मी एकुलता एक मुलगा, नुकताच नोकरीला लागलेला. मुंडण केलेल्या डोक्याने हात जोडून मी म्हटलं, "बाबा, ताईचं पहिलं बाळंतपण आपल्याच घरी करू." ताईला तेव्हा दिवस गेलेले होते आणि बाबांचा जीव तिच्यात अडकला असणार, असं मला वाटत होतं. कावळ्याने मान फिरवली. "आईला सांभाळीन," मी म्हटलं. कावळा पंख साफ करू लागला.

मग आमच्या शेजारचे काका पुढे झाले. हे काका कामगार मैदानापासून शिवाजी पार्कापर्यंतची एकही सभा चुकवत नसत. ते कडाडले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र घेतल्याशिवाय आम्ही स्वस्थ बसणार नाही!" जमलेल्या मंडळींनी सवयीने आरोळी ठोकली, "झालाच पाहिजे!" त्या आवाजाने होता तो कावळाही उडाला.

भटजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ. मला परत चालत जायचं आहे." ही नामुष्की मामाला सोसेना. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, राहायला घोडपदेवला, भूतखेत आणि देवचार या विषयांतला आमच्या घरातला अधिकारी. तो घामाघूम होऊन आभाळाकडे बघत ओरडला, "भावोजीनू, तुमच्या मशिनीक कोण हात लावचो नाय! ती होती थयच रवतली!"

कावळा कुठूनसा आला, पिंडाला चोच मारली आणि भाताचा मोठा घास घेऊन गेला. सगळ्यांनी हुश्श केलं. मी एकटा कपाळाला हात लावून उभा होतो.

कारण ती मशीन म्हणजे लेथ होती, आणि ती आमच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात एकुलत्या एका खिडकीखाली उभी होती. वडील गिरणीत टाइमकीपर. दिवसभर दुसऱ्यांच्या वेळा लिहून कंटाळत असतील, म्हणून त्यांना लाकूड कातायचा नाद लागला. गिरगावातला कुठलासा फर्निचरचा कारखाना मोडला, तेव्हा तिथली पायाने चालवायची जुनी लेथ त्यांनी हातगाडीवर घालून आणली. आई तेव्हा मासळी आणायला गेली होती. ती पापलेटं घेऊन परत आली तर खिडकी गेलेली. त्या दिवशी ती काय बोलली ते मला कळत नव्हतं, मी पाळण्यात होतो. पण चाळीतल्या जुन्या बायकांना ते पाठ होतं.

त्या लेथीवर बाबांनी आयुष्यभर लाटणी केली. दुसरं काही त्यांना जमत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लाटणंही जमत नव्हतं. एक टोक जाड, एक बारीक, त्यामुळे ते आपोआप डावीकडे वळायचं. बरं, आमची चाळ सगळी कोकणातली, भात खाणारी आणि भाकऱ्या हाताने थापणारी. लाटणं लागतं कुणाला? तरी प्रत्येक नव्या नवरीला बाबांचं लाटणं भेट मिळायचं आणि ती बिचारी ते उंदीर हाकलायला ठेवायची. बाबा कुणाच्या घरी गेले की आधी त्यांची नजर लाटणं शोधायची. म्हणून ते येताना दिसले की घरोघर लाटणी चटकन ओट्यावर मांडली जात. एवढा मान मी कुठल्या कलावंताला मिळालेला पाहिला नाही.

आता बाबा गेले आणि ताई सातव्या महिन्यात माहेरी येणार होती. तिच्या गिरगावच्या सासूबाई समाचाराला आल्या, तेव्हा खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "विहीणबाई, बाळंतिणीची खाट कुठे घालणार? की या यंत्रावर निजवणार? जमत नसेल तर राहू दे. आमच्याकडे बाई ठेवू." त्या गेल्यावर आईने चहाची कपबशी इतक्या जोरात विसळली की कपाचा कान तुटला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही, तर ते दुःख ती मरेपर्यंत उगाळणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. लेथ जायलाच हवी होती.

रंधे, करवती, पटाशा, गिरमिटं आधी गेली. कॉटन ग्रीनच्या गोदामांत खोकी ठोकणारा एक सुतार ती घेऊन गेला. मामा त्या वेळी हजर होता. त्याने जरा विचार करून निकाल दिला की हत्यारं वचनात येत नाहीत, वचन फक्त मशिनीचं आहे. कावळ्याशी झालेल्या कराराचा तो एकमेव वकील होता.

लेथीसाठी पहिलं गिऱ्हाईक आलं ते जिन्याचे कठडे कातणारं. माणूस चांगला होता, लेथीवरून हात फिरवून खूश झाला. भाव ठरत आला आणि एवढ्यात घोडपदेवहून मामा धापा टाकत पोचला. त्याला कुणी कळवलं देव जाणे. त्याने त्या माणसाला बाजूला नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "घ्यायची तर घ्या. पण रात्री ही आपोआप चालते." गिऱ्हाईक चपला हातात घेऊन जिना उतरलं.

मी मामावर भडकलो. "मामा, कावळ्याला भूक लागली होती, म्हणून तो आला!" तो शांतपणे म्हणाला, "मग तुझ्या वचनाक कित्याक नाय इलो?" त्या कावळ्याचा मला अजून राग आहे.

शेवटी सभावाल्या काकांनी गॅलरीत बैठक बोलावली. त्यांचं म्हणणं असं, की कावळा लेथीच्या वचनाला आलाच नव्हता. तो संयुक्त महाराष्ट्राच्या वचनाला आला, फक्त उशिरा. "अहो, दिल्लीला इतकी वर्षं समजत नाही, कावळ्याला जरा वेळ लागणारच!" चाळीला हे एकदम पटलं. तेवढ्यात मामाने विचारलं, "आणि मुंबई मिळाली नाही तर? म्हणजे आमचे भावोजी तोवर लटकलेलेच?" काकांनी बाह्या सरसावल्या. "मुंबई मिळणार नाही, असं म्हणणारा तू कोण?" मग लेथ राहिली बाजूला आणि दोघांची जुंपली. बैठकीत ठराव एवढाच झाला की मामाने दिल्लीची बाजू घेतली, आणि तो बिचारा स्वतः दोन मोर्चांत लाठ्या खाऊन आलेला होता.

एके दिवशी आई पदर खोचून एकटीच बाहेर पडली, आणि परत आली ती कठडेवाल्याला, हातगाडीला आणि चार हमालांना घेऊनच. आपोआप चालणाऱ्या लेथीबद्दल तिने त्याची काय समजूत घातली, हे तिने कधीच सांगितलं नाही. हमालांनी दोर बांधायला घेतला आणि दारात मामा उभा राहिला. दोन्ही हात चौकटीला लावून.

"बाय, ह्या बरा न्हय. मी वचन दिलंय."

"कोणाक इचारून?" आई म्हणाली.

मामा गोंधळला. दहाव्याला चौपाटीवर बायका नव्हत्याच, विचारणार कुणाला?

"ही मशीन घरात हाडताना तेंनी माका इचारल्यानी? नाय. तू वचन देताना माका इचारलंस? नाय. वीस-बावीस वर्सां खिडकी बघूक नाय मी. आता माझ्या चेडवाची खाट थय पडतली. सर बाजूक."

मामाचे डोळे भरून आले. तो खोटं बोलत नव्हता, नाटकही करत नव्हता, त्याला खरंच भीती वाटत होती. ज्या भावोजींनी त्याला गावाहून आणून गिरणीत चिकटवलं, त्यांचा जीव आपल्यामुळे अधांतरी राहील, ही ती भीती होती. हे मला त्या क्षणी कळलं आणि इतके दिवस त्याच्यावर ओरडलो त्याचं वाईट वाटलं. तो हात जोडून म्हणाला, "बाय, वचन मोडलास तर ते परत येतले गो. रागान येतले. ह्याच घरात येतले."

हमाल थांबले. कठडेवाला एक पाऊल मागे सरकला. आई लेथीवरची लाकडाची भुकटी पदराने पुसत होती, ती तशीच वाकलेली राहिली.

"येवंदेत," ती म्हणाली. "रागान तर रागान. येवंदेत रे."

मामा चौकटीतून बाजूला झाला. मग पुढे येऊन त्याने हमालांबरोबर लेथीचं एक टोक धरलं, दुसरीकडून मी धरलं, आणि आम्ही ती जिन्याने खाली उतरवली.